बोलता यावे, गाता येऊ नये

९ जानेवारी

चिरंजीव भाच्यास,

आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत. पत्र संपेपर्यंत राग ओसरला, तर शेवटी देईन.

तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रातून मला एक छापील पत्र आले आहे. ज्याचे उभे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले, त्या माणसाला असे अशुद्ध पत्र पाठवणे हाच एक अपमान आहे; पण तो गिळून मी मजकुराकडे वळतो. मजकूर असा, की केंद्रातील प्रत्येक माणसाने बाहेरचा एक 'व्यायाम-जोडीदार' निवडायचा. आतला जो व्यायाम करील, तोच बाहेरच्याने करायचा आणि दोघांनी तो एकमेकांना पत्राने कळवायचा. तू मला निवडले आहेस.

दारू तू प्यायचीस आणि व्यायाम मी करायचा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? माझे वय तुला ठाऊक आहे. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खाली उतरण्यापूर्वी दोनदा विचार करतो, हेही तुला ठाऊक आहे. शिवाय दारू सोडायची, तर दारूच सोडावी लागते, अशी माझी आजवर समजूत होती. त्यासाठी पटांगणात फेऱ्या माराव्या लागतात, हे नव्यानेच कळले. गेल्या खेपेस याच केंद्रात तुला चित्रे रंगवायला बसवले होते. त्याचे फळ आपण सर्वांनी पाहिले.

चालण्याचा वेग कसा असावा, तर म्हणे 'बोलता यावे, गाता येऊ नये'. मी बसल्या जागीही गात नाही. तेव्हा हा नियम मी जन्मापासून पाळत आलो आहे, असे तुझ्या मास्तरांना कळव.

घरात पत्नी असताना मामा का निवडलास, याचा खुलासा कर. आशीर्वाद पुढच्या पत्री.

मामा


१६ जानेवारी

मामा, नमस्कार.

लाल पेन जवळ घेऊनच वाचा, म्हणजे दोनदा वाचायची पाळी येणार नाही.

आधी तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुझ्याच मागे धावतेय. माझा व्यायाम झालाय." आई असती तर तिला सांगितलं असतं. आता तिच्या बाजूचे तुम्हीच उरलात. आणि खरं सांगू का, तुम्ही सोडून माझ्या पत्राला उत्तर देणारं कोणी नाही. शिव्या का असेनात, तुम्ही लिहिता.

फोन इथे आल्या आल्या काढून घेतात, त्यामुळे पत्रच. आमचा व्यायामाचा मास्तर पूर्वी फुटबॉल शिकवायचा. शिट्टी गळ्यातून काढतच नाही, म्हणून सगळे त्याला शिट्टीमास्तर म्हणतात. दिवेलागणीला जी तलफ येते ना मामा, ती मानगूटच धरते. नेमका त्याच वेळी हा आम्हाला पटांगणात काढतो. चालून तलफ जात नाही. पण तिची पकड जरा ढिली होते आणि नंतर झोप लागते. आलो तेव्हा जिना चढताना मला कठडा धरावा लागत होता. मला, खांद्यावर माणूस घेऊन शिडी उतरणाऱ्याला. लाज वाटली.

आता मुद्द्याचं. एप्रिलच्या शेवटी आमच्या अग्निशमन दलाची शारीरिक चाचणी आहे. शिडी चढायची आणि वरून माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन खाली यायचं. पास झालो तर परत बंबावर. नाही झालो तर कायमचा गोदामात, ओल्या नळ्या वाळत घालायला. साहेबांनी सांगितलंय, ही शेवटची संधी. गोदामात बसलो तर मी पुन्हा पिणार, हे मला माहितेय आणि तुम्हालाही. मला दुसरं काही येत नाही.

म्हणून चाला, मामा. माझ्यासाठी नको, तर मास्तरला शुद्ध पत्र कसं असतं ते दाखवायला चाला.

तुमचा भाचा


२७ जानेवारी

चिरंजीव भाच्यास,

चाललो.

पहिल्या दिवशी घाईने जिना उतरलो, तर इमारतीचा चौकीदार खुर्चीतून उठून विचारता झाला, "काका, कोणाचं काही बरंवाईट झालं का?" मी म्हणालो, "नाही. माझ्या भाच्याला दारू सोडायची आहे." त्याने मान डोलावली, पण त्याला काय कळले, ते देव जाणे. तेव्हापासून तो मला पाहताच हातातली विडी लपवतो.

'बोलता यावे' याची परीक्षा घ्यायची, तर बोलायला माणूस हवा. माझ्याबरोबर कोण चालणार? म्हणून मी शब्दयोगी अव्यये मोठ्याने म्हणत चालतो. समोरून पिशव्या घेऊन येणारी एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. 'वर, खाली, आत, बाहेर' यांत घाबरण्यासारखे काय आहे, ते मला समजले नाही. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत येतो. परतताना अव्यये तुटक होतात. हे तुझ्या मास्तरांच्या नियमात बसते की नाही, ते विचारून कळव.

रात्री झोप बरी लागली. हा योगायोग असावा.

तुझ्या पत्रात अनुस्वारांची दैना आहे. मात्र 'चालून तलफ जात नाही' हे वाक्य निर्दोष आहे, व्याकरणाच्याही आणि प्रामाणिकपणाच्याही दृष्टीने. तुझ्याकडून इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेले हे पहिलेच वाक्य, ज्यावर मला प्रश्नचिन्ह घालावेसे वाटले नाही. असे लिहीत जा.

या खेपेस आशीर्वाद.

मामा


८ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र जेवणाच्या खोलीत मोठ्याने वाचलं. शिंपीदादा तर हसून हसून खोकायला लागला. तो माझ्या शेजारच्या खाटेवर असतो. लोकांचे कपडे शिवता शिवता स्वतः उसवला, असं स्वतःच म्हणतो. आता तोही चालताना 'वर, खाली' करतो.

माझं जोरात चाललंय. सगळे चालतात, मी पळतो. मास्तर मागून ओरडतो, "ही शर्यत नाहीये, बोलता आलं पाहिजे." पण मी बोलू कोणाशी? माझ्यापुढे कोणी नसतंच. छातीचा भाता परत आलाय, मामा. दंडही भरलेत. एप्रिलमध्ये पुतळा काय, साहेबांनाच उचलून खाली आणीन.

एक गंमत सांगतो. आमच्या दलात बूट विजारीतच खोचून तयार ठेवलेले असतात. घंटा झाली की थेट आत उडी, खाली बघायचं नाही. बघत बसला, त्याची गाडी गेली. ती सवय हाडात भिनलेली, त्यामुळे इथेही मी बूट तसेच घालतो. परवा पळून आलो, तर शिंपीदादा म्हणतो, "अरे, तुझा मोजा लाल कसा?" काढून बघितलं, तर खोक्याचा एक खिळा तळातून आरपार आत. सकाळीच घुसला असणार. मजा म्हणजे काही दुखलंच नाही. शिंपीदादा पांढराफटक पडला आणि मी हसतोय. पट्टी मारली आणि दुसऱ्या दिवशी परत पळालो. मास्तरला सांगितलं नाही, उगाच बसवून ठेवायचा.

हिला कळवू नका. तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

तुमचा भाचा


१२ फेब्रुवारी

भाच्यास,

तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचले आणि दर वेळी त्याच एका शब्दावर अडखळलो. तो शब्द 'मजा'.

खिळा पायात शिरतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहतो, मोजा रक्ताने भिजतो आणि ज्याचा पाय आहे, त्याला हे शिंप्याकडून कळते. यात मजा कोणती? याला सहनशक्ती म्हणत नाहीत. सहनशक्तीला आधी दुखावे लागते.

मला सरळ प्रश्न विचारायचे आहेत. सरळ उत्तरे दे. तळव्यांची संवेदना कधीपासून गेली आहे? दोन्ही पायांची, की एकाच? फरशी गार आहे की गरम, हे तुला कळते का? केंद्राच्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे का? नसेल, तर का नाही?

माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांना तुझे नाव न सांगता विचारले. त्या म्हणाल्या, "बरीच वर्षं दारू पिणाऱ्यांच्या नसा मरतात. पायांपासून सुरू होतं. चालायला हरकत नाही, पण पाय तपासून. आणि डॉक्टरांपासून लपवलं, तर एखाद दिवशी पायच जातो."

चालण्याचा वृत्तान्त: चाललो. अव्यये म्हटली नाहीत. मनःस्थिती नव्हती.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

तुम्ही पण ना. चार ओळींची गंमत लिहिली, तर तुम्ही उलटतपासणी लावलीत.

तब्येत उत्तम आहे. जखम भरली. मास्तरने परवा वाळूचं पोतं उचलायला लावलं, सगळ्यांत जास्त वेळ मीच धरलं. वजन वाढलंय. डोळ्यांतला पिवळेपणा गेला, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. शिंपीदादा म्हणतो, माझ्या अंगाचं माप बदललंय. ही भेटायला आली होती. जाताना वळून एकदा बघितलं. तेवढंच.

आता तुम्ही सोडणार नाही, म्हणून लिहितो. गेल्या वर्षापासून गादीवर चालल्यासारखं वाटतं. दोन्ही पाय. गार-गरम हाताला कळतं, पायाला नाही. मग काय झालं? शिडीवर मी पायरी बघून पाय ठेवीन. डोळे आहेत ना? आणि दारू सोडली की सगळं परत येतं, असं इथे सगळेच म्हणतात. एप्रिल होऊन जाऊ दे. मग दाखवतो डॉक्टरला, तुम्ही म्हणाल त्याला दाखवतो.

आत्ता जर कळलं, तर चाचणीला बसूच देणार नाहीत. इतकी वर्षं मी सगळ्यांना फसवलं, मामा, पण पळण्यात फसवलेलं नाही. तेवढं तरी माझं राहू द्या.

कोणाला लिहू नका. तुम्हाला आईची शपथ आहे.

तुमचा भाचा


२४ फेब्रुवारी

व्यायाम-शिक्षक यांस,

सविनय नमस्कार.

मी आपल्या केंद्रातील अग्निशमन जवानाचा मामा व नियुक्त जोडीदार. त्याच्या दोन्ही तळव्यांची संवेदना गेली आहे आणि हे त्याने आपल्यापासून व डॉक्टरांपासून लपवले आहे. पायात खिळा शिरूनही त्याला कळले नाही. त्या अवस्थेत तो रोज धावतो आणि एप्रिलमध्ये शिडी चढू इच्छितो. त्याच्या हातचा मजकूर सोबत जोडला आहे.

हे कोणास कळवू नये, म्हणून त्याने मला माझ्या दिवंगत बहिणीची शपथ घातली आहे. बहीण असती, तर हे पत्र माझ्याआधी तिनेच आपल्याला लिहिले असते.

त्याचा व्यायाम बंद करू नये, अशी विनंती आहे. आजवर त्याला जे जे दिले, त्यांत हीच एक गोष्ट त्याला मानवलेली दिसते. फक्त ती डोळे उघडे ठेवून करवून घ्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक


५ मार्च

मामा,

झालं समाधान?

डॉक्टरने डोळे मिटायला सांगितले आणि सुई टोचली. मी म्हणत राहिलो, "टोचा ना." तो म्हणाला, "टोचतोय." सगळ्यांसमोर. शिट्टीमास्तर शिट्टी हातात धरून उभा होता. पळणं बंद. चालायचं, तेही रोज कोणीतरी पाय तपासल्यावर. आणि चाचणीला जो दाखला लागतो, त्यावर डॉक्टर खरं तेच लिहिणार.

तुम्हाला चूक दिसली की राहवत नाही. कागद असो की माणूस. माझ्या आयुष्याचंही मुद्रित तपासलंत आणि शेवटी काट मारलीत. दारुड्याचा शब्द कोणी पाळत नाही, हे मला माहीत होतं. पण तुम्ही स्वतःचाही पाळला नाहीत.

उद्या इथून निघतोय. कोणी अडवू शकत नाही, आपल्या पायांनी आलो होतो. जोडी मोडली. चालू नका उगाच.


९ मार्च

भाच्यास,

तू केंद्रातून गेलास, हे मास्तरांनी कळवले. घरी पोचलेला नाहीस, हे सूनबाईने कळवले. हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकतो आहे. कधी तरी वाचशील.

मी शब्द पाळला नाही, हा आरोप चुकीचा आहे. शब्द मी दिलाच नव्हता. शपथ तू घातली होतीस. पण हा वाद मी जिंकूनही काही उपयोग नाही, हे मला समजते आणि म्हणूनच अधिक चीड येते. तुझ्यावर वैतागण्यात माझी वर्षे गेली. मात्र तुझ्या बाजूने पत्र लिहून तुझ्याच शिव्या खाण्याची वेळ नवीन आहे.

तू माझ्यावर रागाव. परंतु एक माणूस विचारात घे, ज्याचा तुझ्या पत्रांत कुठेच उल्लेख नाही. आग लागलेल्या घराच्या खिडकीत तो उभा आहे. तू त्याला खांद्यावर घेतोस. धुरात तुला पायरी दिसत नाही आणि पायाला ती कळत नाही. तुझे पाय मेलेले आहेत, हे त्या माणसाला कोणी सांगितलेले नाही. तुझी संधी जाऊ नये म्हणून त्याने पडावे काय? तुझ्या चाचणीत पुतळा आहे. पुतळा पडला, तर कोणी रडत नाही.

तू प्यायला आहेस का, हे मी विचारणार नाही. विचारले की तू खोटे बोलतोस आणि मग मला ते खरे मानल्याचे नाटक करावे लागते. मला दोन्हींचा कंटाळा आला आहे.

मी चालतो आहे. जोडी एकट्याने मोडता येत नाही.

मामा


२ एप्रिल

मामा,

केंद्रातूनच लिहितोय. परत आलो, त्याला बरेच दिवस झाले. लिहायला हात होत नव्हता.

त्या दिवशी बाहेर पडलो आणि सरळ दारूच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. समोरच्या फुटपाथवर. खिशात हात घालून. तुमच्या नावाने प्यायचं ठरवलं होतं, म्हणजे दोष तुम्हाला. मग काय झालं ते मलाही नीट सांगता येणार नाही. दिवेलागण झाली आणि पाय चालायला लागले. या वेळी चालायची सवय झाली होती, बस. रस्ता नेईल तिकडे गेलो. आमच्या फायर स्टेशनपर्यंत पोचलो.

मागच्या अंगणात पोरांचा सराव चालला होता. सगळे "दादा आले" करत जमले. मी म्हटलं, "शिडी लावा." बूट घातले, न बघता. चढलो. छाती मजबूत, दंड मजबूत, दमलो नाही की काही नाही. मग सरावातला धूर सोडला. आणि मला कळेना, माझा पाय पायरीवर आहे की हवेत. मी तिथेच शिडीला मिठी मारून उभा. खालून एक नवा जवान वर आला, त्याने माझी टाच हातात धरली आणि म्हणाला, "दादा, हा डावा. ठेवला. आता उजवा सोडा." असं करत त्याने मला खाली आणलं. लहान मुलासारखं.

साहेबांना मीच सांगितलं. तुमच्या पत्राआधी, ते तर चार-पाच दिवस स्टेशनातच झोपून मग घरी गेलो, तेव्हा मिळालं. साहेब म्हणाले, "गोदामात नको. कंट्रोल रूममध्ये बस. फोनवर माणूस घाबरलेला असतो, त्याला खिडकीशी ये, दार लावून घे, हे सांगणारा आगीत जाऊन आलेला हवा." केंद्रातून सुटलो की रुजू व्हायचंय. चाचणी देणार नाही. बंब निघेल आणि मी खुर्चीत असेन. सोपं जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

प्यायलो नाही. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगतो.

तुम्हाला माफ केलेलं नाही. मास्तर विचारतोय, जोडीदार चालतो का. काय सांगू?


६ एप्रिल

चिरंजीव भाच्यास,

चालतो, असे सांग.

माफीची घाई नाही. आशीर्वाद मात्र आत्ताच घे.

मामा


३० एप्रिल

मामांना नमस्कार.

तो नीट चालतो का आणि घरी कसं काय, असं तुम्ही विचारलंत. तो स्वतः लिहील तेव्हा लिहील. तुमच्याशी बोलत नाही म्हणतो आणि दिवसभर "मामा असं म्हणतात", "मामा तसं म्हणतात" चालू असतं. कान किटले माझे.

घरी येऊन आठवडा झाला. कंट्रोल रूमला चालत जातो, चालत येतो. बंबाचा आवाज आला की आजही जेवता जेवता उठून उभा राहतो आणि मग तसाच उभा राहतो. मी त्याचं ताट झाकून ठेवते.

डॉक्टरांनी मला बजावलंय, रोज संध्याकाळी त्याचे तळवे दुसऱ्या कोणीतरी बघायचे. मी म्हटलं, मला जमणार नाही. इतकं केलं, आता पायही मीच बघू? आरसा घे आणि तुझे तू बघ. त्याने आरसा जमिनीवर ठेवला आणि बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला. तोल गेला, कपाटावर आपटला, वरचे डबे खाली आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "बस झालं. आण इकडे पाय."

मामा, इतकी वर्षं तो दारात आला की मी आधी त्याचं तोंड हुंगायचे. त्याला माहीत होतं. तो श्वास रोखून उभा राहायचा. आमची भेट रोज अशीच व्हायची. तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच ते.

काल तो आला, दाराजवळच्या खुर्चीवर बसला. बूट काढून उलटे करून आपटले, मोजे काढले आणि पाय पुढे केले. मी टॉर्च घेऊन खाली बसले. तळवे बघितले, टाचा बघितल्या, बोटांच्या मधे बघितलं. डाव्या पायाला एक फोड आला होता. मी दाबला तरी त्याला कळलं नाही. मी म्हटलं, "इथे आहे." तो म्हणाला, "बरं." औषध लावलं, कापूस बांधला, हात धुतले आणि पानं घेतली.

जेवायला बसल्यावर माझ्या लक्षात आलं, तोंड हुंगायचं राहूनच गेलं. त्यासाठी परत उठले नाही.

तुमची सूनबाई